वाचकांचे प्रश्न : डिस्क ‘बेंड’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली चाकाच्या डिस्कविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. कारखान्यांच्या पुस्तिकांत जिला रोटर म्हणतात तिलाच आपले मिस्त्री डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात, म्हणून पुढे सर्वत्र डिस्क हाच शब्द वापरला आहे. ही चाकाबरोबर फिरणारी थाळी. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंचे पॅड तिच्यावर आवळतो.

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी सात वर्षांची असून ६२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यापासून बायपासवर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. शहरात काहीच जाणवत नाही. एका ठिकाणी ‘डिस्क बेंड हो गई है, भिया, दोनों बदलना पड़ेगी’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्याने लेथवर फेसिंग करून देतो, असे म्हटले. दोन्ही खर्चांत बराच फरक आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये, कारण दोघांपैकी कोणीही डिस्क मापल्याचे आपल्या पत्रावरून दिसत नाही. (फेसिंग म्हणजे डिस्कचे तोंड लेथवर किंचित कापून सपाट करणे.)

प्रथम ‘बेंड’ या शब्दाविषयी. डिस्क बिडाची असते. बीड उष्णता चांगली शोषते, घर्षणाला टिकते आणि स्वस्तही असते. पण पत्र्यासारखे वाकणे हा त्याचा स्वभाव नाही, अति ताण आला तर ते तडकते. म्हणून नेहमीच्या शहरी वापरात डिस्क पापडासारखी वाकडी झाली, असे क्वचितच घडते. जे घडते ते फार बारीक असते आणि डोळ्यांना दिसत नाही : डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी ती २१.४० मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला २१.३८ असली, तरी एवढ्या फरकाने स्टिअरिंग हलू शकते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड धरला तर हा फरक केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही भरत नाही. ब्रेक दाबलेला असताना जाड भाग पॅडमधून जातो तेव्हा पकड वाढते, पातळ भाग आला की ती कमी होते. ताशी ८० किलोमीटरला छोट्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे बारा फेऱ्या घेते, आणि त्या बारा धक्क्यांचीच थरथर आपल्या हाताला लागते. शहरात वेग कमी असल्यामुळे ती जाणवत नाही.

आता जाडीत हा फरक पडतो कसा, ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. डिस्क चाकाच्या हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर, अगदी सपाट बसली नाही, तर फिरताना ती किंचित डोलते. हे डोलणे लगेच जाणवत नाही, कारण कॅलिपर तिच्याबरोबर थोडा सरकतो. मात्र ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला पुसटसा घासून जातो. हजारो किलोमीटर हे घासणे चालले की एका जागी डिस्क झिजते, किंवा तिथे पॅडच्या द्रव्याचा थर चढतो, आणि मग थरथर सुरू होते. म्हणजे चूक आज झाली तरी तिचे फळ तीन-चार महिन्यांनी दिसते, आणि तोवर ती कोणाकडून झाली याचा माग राहत नाही.

माझ्याच गाडीचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात टायर बदलून घेतले. तिथल्या मुलाने हवेच्या गनने चारही नट एकापाठोपाठ एक करकचून आवळले. मी शेजारी उभा असूनही काही बोललो नाही, ही चूक माझीच. चार महिन्यांनी देवास रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागले. गाडी जॅकवर घेऊन डायल गेज (मिलिमीटरचा शतांश दाखवणारे काट्याचे माप) लावला, तर डिस्कचे डोलणे ०.१२ मिलिमीटर निघाले. बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१० या दरम्यानची मर्यादा देतात. डिस्क उतरवल्यावर हबच्या तोंडावर दोन बोल्टांच्या मध्ये नखाएवढी गंजाची खपली घट्ट चिकटलेली दिसली. ती पात्याने खरवडली, हब तारेच्या ब्रशने घासून पुसला, डिस्क पुन्हा चढवली आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. डोलणे ०.०४ वर आले. जाडीतला फरक मात्र आधीच पडलेला होता, तो काढण्यासाठी हलके फेसिंग करून घ्यावे लागले. खपली तशीच ठेवून नव्या डिस्का चढवल्या असत्या, तर पाऊस उलटेपर्यंत पुन्हा तीच तक्रार उभी राहिली असती, याविषयी मला शंका नाही.

आपल्या गाडीबाबत क्रम असा ठेवावा. ब्रेक न दाबताही ८० ला थरथर होत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे, डिस्कला हात लावू नये. ब्रेक दाबल्यावर हाताऐवजी बैठकीला हादरे बसत असतील, तर संशय मागच्या ड्रमवर घ्यावा, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना डिस्क पुढेच असतात. ब्रेक कचकन दाबल्यावरच पेडल पायाखाली कडकड करत असेल, तर ते एबीएसचे, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम आहे आणि त्यात बिघाड काहीच नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे, पण पुष्कळांना हा धक्का पहिल्यांदा बसतो तेव्हा ब्रेकच निकामी झाला असे वाटते.

एवढे पाहून संशय डिस्कवरच राहिला, तर मिस्त्रीला समोर बसून दोन मापे घ्यायला सांगावी. पहिले माप डोलण्याचे : डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवून, डायल गेजचे टोक बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवून, चाक हाताने सावकाश एक फेरी फिरवायचे. दुसरे जाडीचे : मायक्रोमीटरने डिस्कभर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी. इथे एक खबरदारी हवी. जुन्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, न झिजलेला ओठ राहतो. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या ओठावरच टेकतात आणि झिजलेली डिस्कही नव्यासारखी जाड दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकाच जातीचे एकेक नाणे धरून माप घ्यावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. एवढ्याने किमान जाडी तरी खरी कळते. शतांश मिलिमीटरचा फरक मात्र मायक्रोमीटरशिवाय कळणार नाही.

प्रत्येक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. नवी डिस्क २२ मिलिमीटरची असेल, तर हा आकडा पुष्कळदा २० असतो. आपल्या डिस्कवर जो असेल तोच खरा मानावा. समजा आपली डिस्क २१.२ भरली, तर दोन्ही बाजूंनी ०.२ मिलिमीटर काढूनही २०.८ उरते, अशा वेळी फेसिंग रास्त आहे. तीच २०.३ भरली, तर तेवढ्याच फेसिंगनंतर १९.९ उरेल, म्हणजे ती मर्यादेच्याही खाली जाईल. तेव्हा ते पैसे वाया घालवू नयेत, दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्का घ्याव्यात. एकाच बाजूची डिस्क बदलू नये, गाडी ब्रेक दाबताच एका अंगाला ओढू लागते. किमान जाडीचा आग्रह कंपनी धरते तो मालाचा खप वाढावा म्हणून, असे म्हणणारे भेटतात. पातळ डिस्कमध्ये धातू कमी, म्हणून ती लवकर तापते आणि तडकते, शिवाय कॅलिपरचा पिस्टन नेमून दिलेल्यापेक्षा जास्त बाहेर येतो, ही त्यामागची कारणे आहेत.

डोलणे जास्त निघाले तर आणखी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. डिस्क हबवरून काढून एक भोक पुढे फिरवून पुन्हा लावावी आणि माप घ्यावे. हबची बारीक तिरपाई आणि डिस्कची तिरपाई एकाच दिशेला जुळून आली असेल, तर अशा फिरवण्याने त्या एकमेकींना खोडतात. घाई असलेला मिस्त्री हे करत नाही. आपण नम्रपणे सुचवावे.

प्रश्न : पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की चाकाच्या जाळीतून डिस्क चक्क विटकरी रंगाची दिसते, आणि निघताना खरखर असा आवाज येतो. हे धोक्याचे आहे का? आम्ही दिवाळीनंतर तीन महिने मुलीकडे पुण्याला जाणार आहोत, तेव्हा गाडी इथेच राहील.
— एक वाचिका, तिलकनगर, इंदूर

उत्तर : दोन दिवसांचा विटकरी रंग पाहून घाबरू नये. पॅड जिथे घासतो त्या पृष्ठभागाला रंग किंवा मुलामा देता येत नाही, त्यामुळे बीड उघडेच असते आणि दमट हवेत रात्रीतून त्यावर गंजाचा पातळ थर धरतो. पाच-सात वेळा ब्रेक लावला की तो पुसला जातो. गाडी धुऊन लगेच बंद करून ठेवू नये. गल्लीत एक चक्कर मारून, ब्रेक लावून डिस्क कोरड्या केल्या की हा गंज धरतही नाही.

तीन महिन्यांची गोष्ट वेगळी. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे ओल अडकून त्याच्या आकाराचा ठसा डिस्कवर उमटतो, बाकीच्या भागावर खोल टोचे पडतात, आणि मग तो गंज पुसून जात नाही. आठवड्यातून एकदा शेजाऱ्यांनी गाडी सुरू करून तिथेच बंद करणे याचा डिस्कला काही उपयोग नाही, चाके फिरली पाहिजेत. कोणी विश्वासाचे असेल तर पंधरा दिवसांनी गाडी तीन-चार किलोमीटर चालवून, ब्रेक लावत आणायला सांगावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रममध्ये त्याचे जोडे (ब्रेक शू) चिकटून बसतात आणि गाडी हलत नाही. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये लावून, चाकाला दोन्ही बाजूंनी विटा घालाव्यात. परत आल्यावर वीसेक किलोमीटर चालवूनही खरखर गेली नाही, किंवा डिस्कवरून नख फिरवल्यावर ते टोच्यांत अडकू लागले, तर डिस्क काढून दाखवावी.

प्रश्न : मागच्या महिन्यात आम्ही पाच जण जाम घाट उतरून महेश्वरला गेलो. खाली पोहोचेपर्यंत जळका वास येऊ लागला आणि पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागले. अर्धा तास थांबल्यावर सारे पूर्ववत झाले. वडील म्हणतात, आता काही पाहायची गरज नाही. उतारावर मी गाडी न्यूट्रल करतो, म्हणजे पेट्रोल वाचते.
— एक वाचक, महू

उत्तर : वडिलांची क्षमा मागून सांगतो की पाहायची गरज आहे, आणि न्यूट्रल करण्याची सवय आजच सोडावी.

आकड्यांत सांगतो. माळव्याच्या पठारावर इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, नर्मदाकाठचे महेश्वर दीडशेच्या. म्हणजे गाडी सुमारे ४०० मीटर खाली उतरते. या उताराने गाडीला जी ऊर्जा मिळते ती ताशी ८० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या सोळा प्रसंगांएवढी आहे. गाडी हलकी असो वा भरलेली, हे प्रमाण तेच राहते. पाच माणसांची गाडी तेराशे किलोची, पुढच्या दोन डिस्का मिळून दहा किलोच्या आणि सत्तर टक्के भार पुढच्या ब्रेकवर असे धरले, तर एका थांब्याने डिस्का सुमारे पन्नास अंशांनी तापतात. अशा सोळा थांब्यांएवढी ऊर्जा खर्च करायला हवेचा रोध आणि इंजिन आहेच. पण न्यूट्रलमध्ये इंजिनाने हात झटकले की उरलेला सारा भार डिस्कांवर येतो आणि त्या तीनशे-चारशे अंशांपर्यंत सहज जातात. आतून पोकळ, दोन थाळ्यांमध्ये पाकळ्या असलेली डिस्क हवा खेचून निवते. तिलाही निवायला मधूनमधून मोकळीक लागते.

जळका वास पॅडचा होता. पॅड फार तापले की पकड कमी होते, पण तेव्हा पेडल घट्टच राहते. आपले पेडल खाली गेले, यावरून ब्रेक ऑइल उकळले असावे असे दिसते. हे तेल हवेतले पाणी शोषते. ताज्या डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सियस असावा लागतो, आणि पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, तेल दबत नाही पण वाफ दबते, आणि पाय खाली जातो. थंड झाल्यावर वाफ विरते, म्हणून आपल्याला सारे पूर्ववत वाटले. तेलातले पाणी मात्र तसेच आहे. तेल दोन वर्षांपेक्षा जुने असेल, किंवा कधी बदलले ते आठवत नसेल, तर ते संपूर्ण बदलून, नळ्यांतली हवा काढून घ्यावी. डॉट क्रमांक टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. त्याच वेळी चाके काढून पॅड आणि डिस्क पाहून घ्याव्यात. डिस्कवर निळसर झाक किंवा आरपार तडे दिसले तर ती ठेवू नये.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेक सतत पायाखाली दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की एकदा ठाम दाबून कमी करावा आणि सोडून द्यावा. वास आलाच तर सपाट जागी थांबावे, पण पेडल दाबून उभे राहू नये, कारण तापलेल्या डिस्कवर एकाच जागी पॅड आवळलेला राहिला की तिथे त्याचा थर चिकटतो. पहिल्या पत्रातली थरथर अशीही सुरू होते. आणि डिस्कवर पाणी ओतू नये. घाटाच्या पायथ्याशी बाटल्या ओतणारे नेहमी दिसतात. तापलेले बीड त्याने तडकते.

प्रश्न : बाजारात भोके पाडलेल्या, खाचा असलेल्या डिस्का मिळतात. घरच्या गाडीला लावाव्यात का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : लावू नयेत. भोकांमुळे धातू कमी होतो, भोकांच्या कडांपासून तडे निघतात, आणि पुढे फेसिंगही अवघड होते. शोभेसाठी हवे असेल तर कॅलिपरला लाल रंग द्यावा.

प्रश्न : नवे पॅड टाकल्यापासून सकाळी ब्रेक लावताना चीं असा आवाज येतो. शिवाय काढलेल्या जुन्या पॅडपैकी आतला पार झिजलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता. मिस्त्री म्हणतो, असे होतेच.
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आवाजाची तक्रार डिस्कइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात तांब्याचे अस्तर होते आणि त्याची किंचाळी असह्य होती. सकाळच्या दमट हवेत पहिल्या दोन-तीन वेळा आवाज येऊन थांबत असेल, तर सोडून द्यावे. दिवसभर येत असेल, तर पॅडच्या पाठीचे पातळ पत्रे लावायचे राहिले आहेत का, ते पाहावे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा आवाज सुरू झाला, तर तो पॅडवरच्या सूचक पट्टीचा असू शकतो. पॅड संपत आला की ती डिस्कला लागून मुद्दाम ओरडते. पॅडचे द्रव्य नव्यात साधारण दहा-बारा मिलिमीटर असते, तीनवर आले की बदलावे. ते पार संपल्यावर पोलादी पाठ डिस्कवर घासते, आणि पॅडच्या किमतीत होणारे काम डिस्कच्या किमतीवर जाते.

दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र ‘असे होतेच’ हे उत्तर स्वीकारू नये. कॅलिपर ज्या दोन गाईड पिनांवर सरकतो त्यांपैकी एखादी गंजून अडकली की पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच काम करतो, आणि ब्रेक सोडल्यावरही तो पूर्ण सुटत नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एका चाकाची धग जास्त लागली तर पिन तिथलीच. त्या काढून, घासून, त्यासाठीच असलेले सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. हे केल्याशिवाय नवे पॅडही तसेच झिजतील आणि ती डिस्क सतत तापत राहील.

नवे पॅड आपल्या डिस्कवर बसवून घेतले होते का, म्हणजे सुरुवातीला मोजके ब्रेक लावून ते तिच्याशी जुळवून घेतले होते का, हेही मिस्त्रीला विचारावे. घेतले नसतील तर अजूनही करता येईल. पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही असे पाहून, ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, मग अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता जाऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा करावे. शेवटी दोन-तीन किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात न लावता डिस्का निवू द्याव्यात, आणि घरी आल्यावर गाडी हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये लावून ठेवावी. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोराचा ब्रेक लावू नये.